दंड ऐपतीबाहेरचा असेल तर अपील ही पळवाट कशी?



‘अमुक वर्षे सक्तमजुरी व दंड; दंड न भरल्यास आणखी कैद’ अशा बातम्या आपल्या जिल्ह्याच्या पानावर नेहमी असतात. शिक्षा फार झाली म्हणून त्याच आरोपीने अपील केले, की ‘पळवाट शोधली’ असा शेरा ठरलेला. तो मला पटत नाही. गुन्हा शाबीत झाला का आणि त्याला शिक्षा किती, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. म्हणूनच दंडाधिकाऱ्यापुढे गुन्हा कबूल करून बसलेल्यालाही शिक्षेच्या प्रमाणापुरती सत्र न्यायालयात दाद मागता येते. अपील केल्याने शिक्षा वाढेल, ही भीतीही निराधार आहे. आरोपीच्या अपिलात ती वाढवता येत नाही. त्यासाठी सरकारला वेगळे अपील करावे लागते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची दंडाची मर्यादा १० हजारांवरून ५० हजार रुपये केली. नगरच्या बड्या व्यापाऱ्याला ही रक्कम जड नाही. पाथर्डी-जामखेडकडच्या ऊसतोड जोडप्याला मात्र ती मुकादमाच्या उचलीतूनच भरावी लागते आणि मग फेडीसाठी फडात कोयता चालवावा लागतो. भरता आली नाही तर तुरुंग. गुन्हा तोच, रक्कम तीच. पण एक जण पावती घेऊन घरी जातो आणि दुसरा आत.

कायद्याला हे अभिप्रेत नाही. दंडाची कमाल रक्कम ठरलेली नसेल तिथेही तो अवाजवी नसावा, असे भारतीय न्याय संहितेचे कलम ८ सांगते. आदमजी उमर दलाल विरुद्ध मुंबई राज्य या जुन्या खटल्यात विषय काळाबाजाराचा होता, लोकक्षोभही मोठा होता. तरीही आरोपीची आर्थिक स्थिती आणि गुन्ह्याचे स्वरूप पाहूनच दंड ठरवावा, असे बजावत सर्वोच्च न्यायालयाने दंड कमी केला.

१९१६ साली बेळगावच्या आणि आपल्या नगरच्या भाषणांवरून लोकमान्य टिळकांकडून २० हजारांचा जातमुचलका व प्रत्येकी १० हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. ते उच्च न्यायालयात गेले आणि हुकूम रद्द झाला. मंडालेत सहा वर्षे काढलेल्या माणसाने पळवाट शोधली, असे कोण म्हणेल?

मोठ्या दंडातून फिर्यादीला भरपाई मिळते, असा युक्तिवाद होईल. पण जो दंड वसूलच होत नाही, त्यातून भरपाई कुठून येणार? आरोपी कैद भोगतो आणि फिर्यादीच्या हाती काहीच पडत नाही.

अपिलाची मुदत ३० दिवसांची. दिवाळीच्या सुमारास निकाल लागला आणि जामीन झाला, तर तोवर माणूस परजिल्ह्यातल्या कारखान्यावर पोचलेला असतो. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वकील लागतो. तेव्हा दंड ठरवण्याआधी आरोपीची कमाई विचारून ती निकालपत्रात नोंदवली जावी. अपिलाची मुदत आणि मोफत वकिलाची सोय निकालाच्या दिवशीच मराठीत लेखी कळवली जावी. कोठडीतल्या माणसाला तर विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. आणि संपादक महाशय, एक विनंती आपल्यालाही: शिक्षेची बातमी ज्या पानावर छापता, त्याच पानावर अपिलाचा निकालही छापा.

— एक वाचक, पाथर्डी, जि. अहिल्यानगर