साहेब बघतील!

मैत्रिणींनो, सांगलीच्या एका भगिनीचं पत्र समोर आहे. यजमान एकाच कारखान्यात बावीस वर्षं नोकरीला. परवा त्यांना कळलं, की दोन वर्षांपूर्वी लागलेल्या माणसाला त्यांच्याहून जास्त पगार आहे. बाई लिहितात, ‘मी म्हटलं, विचारा ना साहेबांना. तर म्हणाले, साहेब बघतील, त्यांना सगळं कळतं. मी आणखी बोलले तर म्हणाले, तुला त्यातलं काय समजतंय? ताई, मी काय करू?’

ताईला तरी त्यातलं काय समजतंय! पण पत्र वाचता वाचता मला एक जोडपं आठवलं. तुमच्या-माझ्यापासून फार लांबचं, अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरातलं. नवरा बर्फावरच्या हॉकीतला नावाजलेला खेळाडू गॉर्डी हाउ आणि त्याची बायको कॉलीन. आज पाककृती नाही, डाग काढायचे उपाय नाहीत. ह्या दोघांची गोष्ट सांगते.

ही हॉकी म्हणजे आपली मैदानावरची नव्हे हं. पायांत धारदार पात्यांचे बूट घालून गोठवलेल्या बर्फावर घसरत खेळायचं. चेंडू नाही, कडक रबराची चकती. एकेका बाजूचे सहा जण, आणि समोरच्याला अंगानं धडक देणं नियमातच बसतं. दात पडणं, टाके घालणं हे तिथं आपल्या बोटाला विळी लागावी तितकं नेहमीचं.

गॉर्डीचा जन्म १९२८ चा, कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात. नऊ भावंडं आणि मंदीचे दिवस. एकदा शेजारची एक बाई जुन्या सामानाचं पोतं घेऊन दारात आली. तिला पैशांची फार नड होती. गॉर्डीच्या आईनं स्वतःच्या ओढगस्तीतूनही जवळचे थोडे पैसे तिच्या हातावर ठेवले आणि पोतं ठेवून घेतलं. (आणि आपण बोहारणीशी एका वाटीसाठी अर्धा तास हुज्जत घालतो!) पोतं उलटं केलं तर आत बर्फावरचे बूट! एक गॉर्डीनं पळवला, एक बहिणीनं. बूट मोठे होते म्हणून आत मोजे कोंबायचे. त्या पोत्यातून हा खेळाडू निघाला.

सतराव्या वर्षी त्यानं पहिला करार केला. पैशांबरोबर त्याची एकच मागणी होती, संघाचं जाकीट. करार झाला, जाकीट काही येईना. पुढच्या वर्षी डेट्रॉइटच्या ‘रेड विंग्ज’ संघाचे व्यवस्थापक जॅक ॲडम्स नवा करार घेऊन आले, तेव्हा हा सही करायला तयार नाही. का? तर जाकीट मिळालं नाही म्हणून! जाकीट आलं, सही झाली. ही गोष्ट गॉर्डी पुढे स्वतःच हसत सांगत असे. मला मात्र ती वाचून हसूही आलं आणि वाईटही वाटलं. जाकिटासाठी अडून बसायचं त्याला कळत होतं. पैशांसाठी अडायचं त्याला कधी सुचलंच नाही.

१९४६ ते १९७१, पंचवीस मोसम हा गडी एकाच संघाकडून खेळला. मार्च १९५० मध्ये खेळताना कडेच्या लाकडी फळ्यांवर डोकं आपटलं, कवटीला इजा झाली. मेंदूवरचा दाब कमी करायला डॉक्टरांना हाडाला भोक पाडावं लागलं. कॅनडाहून आईला बोलावून घेतलं होतं. म्हणजे काय अवस्था होती ते समजा. त्यातून उठून पुढच्याच मोसमात तो साऱ्या लीगमध्ये गुणांत पहिला आला. सहा वेळा सर्वोत्तम खेळाडूचा मान, चार वेळा संघाला स्टॅन्ली कप.

आणि पगार? दरवर्षी तो हजार डॉलरची वाढ मागायचा, ती मिळायची आणि तो समाधानानं घरी यायचा. आपणच सर्वांत जास्त कमावतो असं त्याला वाटत असे. कारण तसं त्याला सांगितलं गेलं होतं, आणि कोणाला किती मिळतं हे खेळाडू एकमेकांत बोलत नसत. १९५७ साली त्याचाच जोडीदार टेड लिंडसे ह्यानं खेळाडूंची संघटना करायचा प्रयत्न केला, तर मालकांनी त्याला शिकागोच्या संघात धाडून दिलं. मग डेट्रॉइटच्या खेळाडूंनी माघार घेतली. गॉर्डीही त्यांच्यातच. साहेब बघतील!

१९६८ च्या सुमारास बॉब बॉन नावाचा एक खेळाडू डेट्रॉइटला नव्यानं आला. त्यानं गॉर्डीला सरळ आपला पगार सांगितला. तो गॉर्डीहून कितीतरी जास्त होता. बावीस वर्षं तिथं घासलेल्या माणसाहून! आमच्या सांगलीच्या भगिनीनं हे वाचताना खुर्ची घट्ट धरावी.

गॉर्डीचं १९५३ मध्ये कॉलीनशी लग्न झालेलं. चार मुलं. नवरा सतत दौऱ्यावर, त्यामुळे घरातली बिलं, बँक, मुलांना पहाटे सरावाला नेणं, सगळं तिच्याकडे. तिनं हा अन्याय ऐकला आणि तिचा पारा चढला. गॉर्डी मालकाकडे गेला, वर्षाला एक लाख डॉलर मागितले, आणि मालकांनी ते दिले. म्हणजे इतकी वर्षं देता येत होते, मागितले नव्हते एवढंच. वर मालकांनी बोल कोणाला लावला म्हणता? कॉलीनला! पगारवाढ नवऱ्याची, कटकटी ठरली बायको. हे काही परदेशातच होतं असं नाही.

त्यानंतर मात्र कागद कॉलीनच्या नजरेखालून जाऊ लागले. मुलांना खेळायला चांगला कुमार संघ नव्हता, तर तिनं डेट्रॉइटमध्ये संघ उभा करायला कंबर कसली. १९७१ मध्ये मनगटाच्या दुखण्यानं गॉर्डी निवृत्त झाला. संघानं त्याला उपाध्यक्ष केलं, पण काम काही दिलं नाही. नावाची खुर्ची. दोन वर्षं तो नुसता कुढत होता. मैत्रिणींनो, निवृत्त माणूस घरात कुढायला लागला की काय होतं, ते पुष्कळजणींना मी सांगायला नको.

१९७३ साली नव्या लीगमधल्या ह्यूस्टनच्या संघानं त्याच्या दोन मुलांना, मार्टी आणि मार्क ह्यांना, बोलावलं. बाप म्हणाला, मग मीही येतो. पंचेचाळिसाव्या वर्षी! बोलण्यांत कॉलीन पुढे होती. खेळाडूच्या वतीनं करारावर वाद घालणारी बाई तेव्हा त्या खेळात कोणी पाहिली नव्हती. बापलेक तिघं एका संघातून खेळले, संघ जिंकला, आणि त्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू बापच ठरला. शेवटचा पूर्ण मोसम तो १९७९-८० मध्ये हार्टफर्डकडून खेळला, ऐंशीच्या ऐंशी सामने. तेव्हा त्याला नातवंड झालेलं होतं. लोक त्याला ‘मिस्टर हॉकी’ म्हणत. कॉलीननं ते नावही कायद्यानं नोंदवून घेतलं. आपण नुसतं कौतुकानं फुललो असतो!

निवृत्तिवेतनाची गंमत तर पुढेच आहे. मालकांनी खेळाडूंच्या पेन्शन फंडातली शिल्लक आपल्या सोयीनं वापरली होती. ती शोधून काढली कार्ल ब्रूअर ह्या जुन्या खेळाडूनं आणि त्याची जोडीदारीण सुझन फॉस्टर हिनं, ढीगभर कागद चाळून. गॉर्डीसह सात माजी खेळाडू कोर्टात गेले. १९९२ मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि १९९४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं मालकांचं अपील ऐकायलाच नकार दिला.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, ताईंनी बायकोची बाजू छान लावून धरली. पण थांबा. २००२ मध्ये कॉलीनला पिक्स डिसीज झाल्याचं निदान झालं. हा मेंदूचा आजार. माणसाचं वागणं-बोलणं बदलतं आणि हळूहळू सगळं हातातून सुटत जातं. इतक्या वर्षांचे करार, हिशेब, कोणाशी काय ठरलं, हे सारं जिच्या डोक्यात, तिचंच डोकं रिकामं होत चाललं. गॉर्डीनं तिला घरीच ठेवलं, मदतीला माणसं घेऊन अखेरपर्यंत सांभाळलं. कारभार मुलांना हाती घ्यावा लागला. ती २००९ च्या मार्चमध्ये गेली. तो २०१६ साली, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, डॉक्टर असलेल्या धाकट्या मुलाच्या घरी गेला.

तर सांगलीच्या भगिनी, ‘साहेबांना विचारा’ हा धोशा तूर्त बंद करा. त्यानं पुरुषमाणूस अधिकच अडून बसतो. एखाद्या रविवारी जेवणं झाली, वामकुक्षी झाली, की चहाच्या वेळी ह्यांना म्हणा, ‘मला नुसतं दाखवून ठेवा.’ नेमणुकीचं पत्र, पगाराची चिठ्ठी, प्रॉव्हिडंट फंडाचा उतारा, विम्याची पॉलिसी, आणि वारस म्हणून नाव कोणाचं आहे ते. लग्नाआधी भरलेल्या कागदावर अजून सासूबाईंचं नाव असतं, असं मी तीन घरांत पाहिलंय. तुमची भिशी, दागिन्यांच्या पावत्या, पोस्टातलं पुस्तक हेही त्याच वेळी पुढे करा. लपवून ठेवलेले पैसे असतील तर... बरं, ते तुमचं तुम्ही ठरवा. एका वहीत सगळं लिहा, आणि वही कुठं आहे ते थोरल्या मुलाला किंवा मुलीला दाखवून ठेवा. पगाराचा विषय त्या वहीतून आपोआप निघेल. आकडे समोरासमोर दिसले की माणूस स्वतःच अस्वस्थ होतो. निघाला नाही तर मला पुन्हा लिहा.

गव्हाला पोरकिडे लागल्याची पाच पत्रं आली आहेत. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.