चाकोरी सोडू नका!

मागच्या रविवारी सायकल घेऊन वेताळ टेकडीवर गेलो होतो. आदल्या दोन दिवसांत पुण्यात पाऊस नुसता बदाबदा कोसळलेला. पायवाटेवर मधोमध भलंमोठं डबकं. नवे बूट भिजायला नकोत म्हणून मी बाजूच्या गवतातून सायकल काढली. मागून एक आजोबा येत होते. शांतपणे म्हणाले, "ही वाट पूर्वी दोन फुटांची होती हो." बघतो तर आता चांगली दहा फूट रुंद! माझ्यासारख्याच कित्येक हुशारांनी आपापले बूट वाचवले होते.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. पावसाळा आला की आपण टेकड्यांवर धावतो, फोटो काढतो, आणि वाटेची घळ झाली की विचारतो, "महापालिका काय करते?" माझं म्हणणं साधं आहे: वाट जो वापरतो त्यानेच ती जपावी.

यात फार डोकं लागत नाही. वाट सरळ उतारावरून खाली गेली की तिचा ओढा होतो. पाण्याचा वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट (अकरावीचं फिजिक्स!). मग मुरूम वाहून जातो, उरतात नुसते दगड. म्हणून सायकलच्या वाटा आखणारे दोन नियम पाळतात. वाटेचा चढ टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे उतार २० टक्के असेल तर वाट १० टक्क्यांच्या आत. आणि वाट दरीच्या बाजूला साधारण ५ टक्के कललेली हवी. मग पाणी वाटेवरून धावत नाही, वाट आडवी ओलांडून जातं.

"पाणी अडवा, पाणी जिरवा" आपण शाळेपासून ऐकतोय. पण वाटेवरच अडवलंत तर चिखल होणार. ते आधी बाजूला काढायचं, मग गवतात जिरू द्यायचं. वाटेच्या बाहेरच्या कडेला साचलेली माती फावड्याने काढली तरी बरंच काम होतं. मात्र आधी वनखात्याची परवानगी घ्या, परस्पर कुदळ चालवू नका.

फावडं नसेल तरी चालेल. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस सायकल घरीच ठेवा. टायरला माती चिकटायला लागली तर मागे फिरा. डबकं आलंच तर मधूनच जा.

ऑफिसात सगळे सांगतात, चाकोरीबाहेरचा विचार करा. जरूर करा! पण टेकडीवर चाकोरीतच राहा. येताना मी त्याच डबक्यातून मधोमध आलो. बूट अजून गॅलरीत वाळतायत :-)