चिल्लई कलानमधली घाई

डिसेंबर उजाडला की आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर काश्मीर सहलीच्या जाहिराती फिरू लागतात. पाच रात्री, सहा दिवस, श्रीनगर-गुलमर्ग-सोनमर्ग, बर्फाची हमी. रस्त्याची हमी कुणी देत नाही आणि आपणही मागत नाही.

२१ डिसेंबर ते ३० जानेवारी या ४० दिवसांना काश्मिरी माणूस चिल्लई कलान म्हणतो. त्यासाठी तो उन्हाळ्यातच भाज्या वाळवून ठेवतो, कांगडीचा कोळसा भरतो आणि बर्फ सुरू झाला की शक्यतो घराबाहेर पडत नाही. आपण नेमके त्याच दिवसांत, दोन लहान मुलं आणि गुडघ्यांनी बेजार अम्मीला घेऊन, परतीच्या विमानाची तिकिटं खिशात ठेवून तिथं जातो.

नुसता बर्फ एक वेळ परवडतो. खरी पंचाईत मिश्र हवामानाची. वर गुलमर्गला बर्फ, खाली श्रीनगरात रिमझिम आणि रामबन-बनिहाल पट्ट्यात चांगला पाऊस. त्या पावसानं डोंगर सुटतात, दगड घरंगळतात आणि जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडतो. मग ढग हटतात, लख्ख ऊन पडतं. पाहुणे खूश! पण ढग नसलेली रात्र जास्त गारठते. दिवसा वितळलेलं पाणी पहाटे रस्त्यावर काचेसारखं गोठतं आणि खालच्या डांबरामुळं दिसतही नाही. स्थानिक ड्रायव्हर म्हणतो, ऊन चढू द्या, दहाला निघू. आपण घड्याळ दाखवतो. पैसे आपण दिलेत म्हणून त्याचं ऐकायचं नाही, ही आपली जुनी खोड.

डिसेंबर २०२४च्या अखेरीस अचानक झालेल्या हिमवर्षावात सोनमर्गच्या रस्त्यावर पंजाबचे काही पर्यटक अडकले. गुंड गावच्या लोकांनी त्यांच्यासाठी मशीद उघडली, रात्रभर आसरा दिला. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी अभिमानानं पुढं पाठवला, आणि पाठवायलाच हवा होता. पण गुंडच्या लोकांची माणुसकी आपल्या सहलीच्या आखणीत गृहीत धरता येत नाही. जानेवारी २०२२मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात गाड्या अडकल्या आणि २०हून अधिक माणसं गेली. त्यातली बरीचशी गाडीतच गुदमरली. ऊब हवी म्हणून इंजिन चालू, काचा बंद, बाहेर धुराची नळी बर्फानं बुजलेली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो; झोप येतेय असंच वाटतं. म्हणून अडकलात तर नळीभोवतीचा बर्फ काढत राहा, इंजिन थोडा वेळच चालवा, एक काच बोटभर उघडी ठेवा. हॉटेलच्या बंद खोलीतल्या शेगडीलाही हेच लागू आहे.

बाकीची तयारी फार नाही. बाहेरचं प्रीपेड सिम तिथं चालत नाही, तेव्हा पोस्टपेड हवं. अम्मीच्या बीपीच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या, आणि त्या डिकीतल्या बॅगेत नव्हे, हाताशी. निघण्याआधी तिथल्या वाहतूक पोलिसांची त्या दिवसाची सूचना पाहायची.

आणि दोन दिवस मोकळे ठेवायचे. इथंच सगळे अडतात, कारण रजा नसते, पैसे वाढतात. मला वाटतं, सहल कंपन्यांनी हिवाळ्यातल्या दरातच या दोन रात्री धराव्यात आणि लागल्या नाहीत तर पैसे परत द्यावेत. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी एप्रिलमध्ये जावं. गुलमर्गला वर तेव्हाही बर्फ असतो, आणि खाली श्रीनगरात ट्युलिप फुललेले असतात.