फोनच्या निवृत्तीचे वय

सरकारी नोकरीत माणूस रुजू झाला, की त्याच्या निवृत्तीची तारीख त्याच दिवशी ठरून जाते. सेवापुस्तकात जन्मतारीख चढली, की पुढचा हिशेब कोणताही कारकून बोटांवर करून देईल. तारीख आधीच ठाऊक असल्यामुळे मुलीचे लग्न, घराचे कर्ज, काशीयात्रा असे सारे बेत त्या हिशेबाने आखता येतात. आपल्या खिशातल्या फोनच्या बाबतीत मात्र ही सोय नाही. तोही एके दिवशी निवृत्त होतो. पण केव्हा, हे बहुधा दुकानदाराला सांगता येत नाही, आणि पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला विचारायचे सुचत नाही.

फोन निवृत्त होतो म्हणजे बंद पडतो असे नव्हे. काच शाबूत असते, आवाज खणखणीत असतो, नातवंडांचे फोटो पूर्वीइतकेच गोजिरे दिसतात. थांबते ते कंपनीकडून येणारे अपडेट. फोनच्या पोटात ऑपरेटिंग सिस्टिम नावाचा एक दिवाणजी बसलेला असतो. सारा कारभार तोच पाहतो. त्या दिवाणजीला अधूनमधून धन्याकडून हुकूम येतात, तेच हे अपडेट.

आता या अपडेटच्याही दोन जाती आहेत आणि गोंधळ होतो तो इथेच. पहिली जात हौसेची. चित्रे बदलली, बटणे इकडची तिकडे गेली, घड्याळ ठसठशीत झाले. ती न मिळाल्याने कुणाचे काही अडत नाही. उलट आमच्या ओळखीतली बरीच वडील मंडळी, ती न मिळाल्यास पेढे वाटतील. दुसरी जात डागडुजीची. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये अशी एक खोट सापडली, की नुसता एक संदेश धाडून चोराला फोनमध्ये शिरकाव करता यावा. तेव्हापासून गूगलने दरमहा डागडुजी काढण्याचा पायंडा पाडला. घराला रंग नसला तर चालते. पण कौल फुटले तर ते बदलावेच लागते.

यातली खरी गंमत, किंवा खरी भीती म्हणा, पुढेच आहे. डागडुजी जाहीर होते, तेव्हा भोक कुठे होते हेही जगजाहीर होते. नव्या फोनचे भोक बुजते. जुन्याचे तसेच राहते, आणि आता त्याचा पत्ता चोरालाही ठाऊक झालेला असतो! म्हणजे जुना फोन पूर्वी होता तितकाच सुरक्षित राहतो, असे समजणे भाबडेपणाचे आहे. तो जागच्या जागी बसून दरमहा थोडाथोडा उघडा पडत असतो.

आणि वाचकहो, आपल्या घरांत हा उघडा पडलेला फोन कुणाच्या हाती जातो, याचा विचार करा. थोरल्या चिरंजीवांनी दिवाळीच्या सवलतीत नवा घेतला, की त्यांचा जुना धाकट्याकडे. धाकटा कमावता झाला, की तो आईकडे. “मला काय करायचाय नवा? बोलता येतं, दिसतं, पुष्कळ झालं,” असे म्हणून आई तो आनंदाने घेते. पुढे तोच आजोबांकडे किंवा घरकामाच्या बाईंकडे. पूर्वी स्वेटर असेच उतरत येत. पण स्वेटरमधून कुणी पेन्शन चोरत नसे. आजोबांची पेन्शन, बाईंच्या भिशीचे पैसे, बँकेचा गुप्त आकडा हे सारे आज त्या फोनमध्ये असते. घरात ज्याला फसवणे सर्वांत सोपे आणि ज्याचे नुकसान भरून येणे सर्वांत कठीण, नेमका त्याच्या दारावरचा पहारा आपण उठवलेला असतो.

कंपन्यांची बाजू नाहीच असे नाही. अँड्रॉइड गूगलचे, आतली चिप दुसऱ्याची, फोन तिसऱ्याचा. चिपवाल्याने अंग काढून घेतले, की फोनवाल्याला एकट्याने निभावणे जड जाते. शिवाय म्हाताऱ्या फोनवर नव्या हौसेचे ओझे लादले तर तो धापा टाकतो. अशा अपडेटने फोन मंदावल्याबद्दल २०१८ साली इटलीत ॲपल आणि सॅमसंग या दोघांनाही दंड झाला. पण ही अडचण हौसेच्या अपडेटची आहे. तिच्या आडून डागडुजी थांबवू नये.

आणि मनावर घेतले तर जमते, हेही दिसून आले आहे. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसला नव्या आवृत्त्या मिळणे केव्हाच थांबले होते, तरी जानेवारी २०२३ मध्ये त्याला सुरक्षेची डागडुजी मिळाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलने पिक्सेल ८ला सात वर्षांचे वचन दिले. जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने एस२४ला तेवढेच दिले. ही वचने महागड्या फोनांची, हे मात्र विसरू नये. स्वस्त फोनांत दर कंपनीचा आणि दर मॉडेलचा आकडा वेगळा, आणि पुष्कळदा लहान.

शिवाय सात वर्षे मोजायची कुठून? फोन बाजारात प्रथम आला त्या दिवसापासून. दोन वर्षांपूर्वीचे मॉडेल तुम्ही या दिवाळीत सवलतीने घेतलेत, तर सातातली दोन वर्षे दुकानाच्या फळीवरच सरली. युरोपीय संघाने २० जून २०२५पासून जो नियम लागू केला, त्याने ही खोच ओळखली आहे. कंपनीने काढलेले अपडेट, त्या मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षे गिऱ्हाइकाला फुकट मिळाले पाहिजे, असे तो सांगतो. त्याच नियमात सुटे भाग सात वर्षे पुरवण्याचे बंधन आहे. म्हणजे देहाला सात वर्षे आणि प्राणाला पाच! पण मोजणीची सुरुवात तरी योग्य जागी झाली.

माझे म्हणणे थोडक्यात असे. हौसेची अपडेट कंपनीने द्यावीत, न द्यावीत. डागडुजी मात्र शेवटचा नग विकल्यापासून सात वर्षे मिळावी, आणि स्वस्त फोनलाही मिळावी. कारण स्वस्त फोन घेणाराच तो अधिक काळ वापरतो. तिची अखेरची तारीख खोक्यावर ठळक छापावी. औषधाच्या बाटलीवर छापतात, पावाच्या पुडक्यावर छापतात. मग पंधरावीस हजारांच्या वस्तूवर छापायला जागा कमी पडते काय?

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर या दिवाळीत दुकानात गेलात, तर कॅमेरा किती डोळ्यांचा आहे हे विचारण्याआधी एवढेच विचारा, “याची डागडुजी कोणत्या सालापर्यंत?” दुकानदार गोंधळेल. गोंधळू द्या. दहाजणांनी विचारले, की अकराव्यासाठी तो उत्तर शोधून ठेवील. व्यापारी आहे तो. आणि उत्तर मिळाले, की त्या सालात हा फोन घरातल्या कुणाच्या हाती असेल, तेवढे मनाशी मोजून पाहा. भाव त्यानंतर ठरवावा.