पेशीवर मालकी कोणाची?



केनवडच्या आमच्या आप्तांपैकी एका सुनेला सातवा महिना आहे. बाळाच्या नाळेतील रक्त साठवून ठेवणाऱ्या एका खासगी कंपनीचे माहितीपत्रक तिच्या सासऱ्यांनी माझ्यासमोर ठेवले. रक्कम मोठी, हप्त्यांची सोय आणि वर ठळक अक्षरांत ‘पेटंटप्राप्त तंत्र’. ‘‘पेटंट आहे म्हणजे सरकारने तपासलेले असेलच ना?’’ असा त्यांचा प्रश्न होता. व्यापारी माणसाला तो पडणे स्वाभाविक आहे. उत्तर मात्र ‘नाही’ असे आहे.

पेटंट म्हणजे अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे इतरांना ती वस्तू किंवा ती रीत वापरण्यापासून रोखण्याचा हक्क. पेटंट कार्यालय मुख्यतः तीन गोष्टी पाहते: कल्पना नवी आहे काय, त्या विषयातील जाणकाराला सहज सुचणार नाही अशी आहे काय, आणि उद्योगात वापरता येते काय. रोगी बरा होतो की नाही, हे पाहणारी यंत्रणा निराळी असते. गहाणखताची नोंदणी झाली म्हणून तारण भक्कम ठरत नाही, तसेच हे आहे. शिवाय भारतीय पेटंट कायदा, 1970 याच्या कलम 3 नुसार मनुष्यावर उपचार करण्याच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळतच नाही. म्हणून ‘पेटंट असलेला उपचार’ असे कोणी म्हणाले, तर कोणत्या देशाचे पेटंट आणि नेमके कशावर, हे विचारावे. पेटंटाची हद्द त्या त्या देशापुरतीच असते.

नाळेच्या रक्ताची कथा या दृष्टीने बोलकी आहे. त्यात मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल असतात. त्यांपासून शरीरातील रक्त नव्याने तयार होऊ शकते. 1988 मध्ये पॅरिस येथे डॉ. एलियान ग्लुकमान यांनी एका आजारी अमेरिकन मुलाला त्याच्या नवजात बहिणीच्या नाळेतील रक्त दिले. जगातील हे असे पहिले प्रत्यारोपण होय. हे रक्त गोळा करून गोठवून ठेवण्यावर अमेरिकेत पेटंट घेतले गेले. पुढे ते फार्मास्टेम या कंपनीकडे आले आणि तिने रक्तपेढ्यांवर दावे लावले. युरोपातील पेटंट 1999 मध्येच रद्द झाले होते. अमेरिकेत 2003 मध्ये ज्यूरीने सत्तर लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. परंतु 2007 मध्ये अपील न्यायालयाने, आधी ज्ञात असलेल्या माहितीवरून हे सहज सुचण्याजोगे होते, असे म्हणून पेटंटच अवैध ठरवले. प्रत्यारोपणे मात्र चालूच राहिली. उपचाराचे मोल आणि पेटंटाचे मोल या दोन वेगळ्या खातेवह्या आहेत, असे मी म्हणतो ते यामुळेच.

मग रक्त साठवावे काय? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, पुढे स्वतःच्या उपयोगासाठी बाळाचे रक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नाही. कारण सरळ आहे. आजार आनुवंशिक असेल, तर तोच दोष त्या रक्तातही असतो. घरातील मोठ्या अपत्याला या पेशींनी बरा होणारा आजार असेल, तर मात्र धाकट्याचे रक्त राखून ठेवणे योग्य. थॅलेसेमियाचे मूल असलेल्या कुटुंबांनी हा अपवाद अवश्य लक्षात ठेवावा.

नाळ तर प्रसूतीनंतर टाकूनच दिली जाते. खरा पेच भ्रूणाचा आहे.

पेटंट रीतीवर असते किंवा वस्तूवर असते. तुरीची डाळ करण्याची नवी रीत कोणी शोधली आणि पेटंट केवळ रीतीवर असले, तर दुसरा गिरणीवाला वेगळ्या रीतीने डाळ करू शकतो. पेटंट डाळीवरच असेल, तर कोणत्याही रीतीने केलेली डाळ अडते. (औषधांच्या बाबतीत आपल्याकडे 2005 पर्यंत केवळ रीतीलाच पेटंट मिळे, स्वस्त औषधांचा आपला उद्योग त्याच सवलतीवर उभा राहिला.) अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जेम्स थॉमसन यांनी 1998 मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करून वाढवल्या. तेथील संशोधन प्रतिष्ठानाला मार्च 2001 मध्ये मिळालेले पेटंट त्या रीतीवर होते आणि खुद्द त्या पेशींवरही होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकन सरकारने आपल्या अनुदानास पात्र अशा 64 पेशीसंचांची यादी काढली. त्यांतील दहा भारतातील होते: सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळूरचे. परंतु हेच मुंबईचे पेशीसंच अमेरिकेत वापरायचे, तर विस्कॉन्सिनचा परवाना आवश्यक होता. श्रम इथले आणि परवाना तिथला, ही बाब मला आजही खटकते. त्या पेटंटाची मुदत 2015 मध्ये संपली.

युरोपने वेगळी वाट धरली. युरोपीय पेटंट कार्यालयाने विस्कॉन्सिनचा अर्ज 2008 मध्ये नाकारला. मानवी भ्रूण नष्ट केल्यावाचून जी वस्तू मिळत नाही, तिला पेटंट नाही, असे त्यामागील कारण होते. 2011 मध्ये ब्रुस्ट्ले खटल्यात युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तेच तत्त्व मांडले. आपल्या कायद्यातही सार्वजनिक नीतिमत्तेविरुद्ध असलेल्या शोधास पेटंट नाही. तीर्थंकरांचे गर्भकल्याणक साजरे करणाऱ्या आपल्या समाजाला, जीव गर्भधारणेपासूनच मानावा, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जपानच्या शिन्या यामानाका यांनी यातून मार्ग काढला. 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या त्वचेतील साध्या पेशींना त्यांनी मूलपेशींचे रूप दिले. त्यात भ्रूणाची हिंसा नाही. 2012 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. क्योतो विद्यापीठाने या रीतीची पेटंटे घेतली, परंतु शैक्षणिक संशोधनासाठी ती विनामूल्य खुली ठेवली. कुंपण घालून फाटक उघडे ठेवण्याचा हा प्रकार मला अपरिग्रहाच्या जवळचा वाटतो. मात्र उद्योगांना शुल्क भरावेच लागते, हेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरांपुरते. टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार घेणाऱ्या दांपत्यांचे शिल्लक भ्रूण गोठवून ठेवले जातात. 2021 च्या कायद्यानुसार त्यांची कमाल मुदत दहा वर्षे आहे. त्यानंतर ते नष्ट होऊ द्यायचे, अथवा दांपत्याच्या संमतीने नोंदणीकृत संशोधन संस्थेला द्यायचे. हा पर्याय संमतीपत्रात बारीक अक्षरांत असू शकतो, आणि कागद बहुधा इंग्रजीत असतो. तेवढा परिच्छेद पती-पत्नी दोघांनी मराठीत समजावून घ्यावा, पुढे त्या पेशींवर कोणाचा हक्क राहील हे विचारावे, आणि मगच सही करावी. संमती नसेल, तर भ्रूण संशोधनासाठी देता येत नाही.