पगडी घातलेला गुप्तहेर

ऐतिहासिक रहस्यकादंबरीची तरफदारी मी याच सदरात केली तेव्हा ज्या वाचकांनी मला पत्रांतून धारेवर धरले, त्यांना या आठवड्यात हसण्याची आयती संधी लाभली आहे; कारण मोठ्या अपेक्षेने हाती घेतलेल्या एका नव्या कादंबरीत पेशवे दफ्तरातला एक कारकून प्रेताच्या नखांतले तंतू न्याहाळून खुन्याला अशा काही सफाईने पकडतो की, त्याची पगडी उतरवून डोक्यावर हॅट चढविली, तर तो उद्याच लंडनच्या पोलीस कचेरीत रुजू व्हावा. काळ इतक्या सहजी उतरविता येत असेल, तर तो मुळात चढवावा कशाला?

उंबेर्तो एको यांच्या १९८० सालच्या ‘द नेम ऑफ द रोझ’मध्ये असे काहीच उतरविता येत नाही. स्थळ १३२७ मधला उत्तर इटलीतील एक ख्रिस्ती मठ. तिथल्या खुनांचा तपास करणाऱ्या विल्यमचा चष्मा चोरीस जातो आणि मठातला काचकारागीर नवी भिंगे घडवीपर्यंत हाती आलेला मजकूर त्याला वाचता येत नाही. परंतु या कादंबरीचे खरे वैभव, माझ्या मते, एकाच मठात एकाच वेळी चालणाऱ्या दोन तपासांत आहे. विल्यम हा धर्मन्यायासनाचे काम सोडून आलेला, रॉजर बेकनला गुरू मानणारा, खाणाखुणांवरून अनुमान बांधणारा आणि वारंवार चुकणारा. उलट त्याच न्यायासनाचा बर्नार्ड गी, जो इतिहासातही खराखुरा होऊन गेला, त्याला अनुमानाची गरजच नाही, कारण पाखंडी कोण हे एकदा ठरले की खुनी कोण हेही ठरले, आणि यातनांच्या नुसत्या धाकाने मठाचा कोठीवाला न केलेले खूनही कबूल करून मोकळा होतो. विल्यम अंमळ विसाव्या शतकातला वाटतो खरा. पण त्या काळी गी याचाच तपास रीतसर होता, हे उमगताना वाचकाला जे मिळते ते खुन्याच्या नावाने कधीच मिळत नाही.

आमच्याकडे काय कमी आहे? ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणेशोत्सवात, शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना मारले आणि रामशास्त्री प्रभुणे यांनी राघोबादादांना दोषी ठरविले, ही कथा शाळकरी पोरही सांगेल. म्हणून आमचे लेखक समजतात की तीत रहस्य उरलेले नाही. अहो, संशयित स्वतःच मसनदीवर बसलेला असताना न्यायाधीशाने जबान्या घेतल्या कोणाच्या, त्याच्यासमोर तोंड उघडण्याची छाती कोणाला झाली, आणि कोणता पुरावा त्याने ग्राह्य मानला, हेच तर रहस्य! ते लिहायचे तर आधी मोडी शिकून दफ्तराची धूळ खावी लागेल, आणि परदेशी मालिका पाहण्यातून आमच्या कादंबरीकारांना तेवढी सवड होईलसे दिसत नाही.