सहा डोळे, एक कान

आमच्या एका स्नेह्यांकडे जॅझ ऐकायला जाणं म्हणजे सोवळ्याच्या घरी जेवायला जाणं आहे. मागल्या रविवारी त्यांचा फोन आला. "ताबडतोब या. माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' आलीय. ओरिजिनल! १९५९ची!" मी गेलो. "हात धुऊन या," म्हणाले. धुऊन आलो. "साबणाने?" पुन्हा गेलो. वहिनींनी पोहे आणले तर बशीसकट त्यांची स्वयंपाकघरात रवानगी झाली, कारण पोह्यात तेल असतं. मग कपाट उघडलं, प्लॅस्टिकच्या पिशवीतून दुसरी पिशवी निघाली आणि दुसरीतून रेकॉर्ड. मी खुर्चीत सावरून बसलो.

"लावा," म्हटलं.

"काय?"

"रेकॉर्ड!"

मी वेळ संपल्यावर तिजोरी उघडायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, ही लावायची नसते," म्हणाले. आणि मला ऐकवायला म्हणून त्यांनी लावली ती त्याच 'काइंड ऑफ ब्लू'ची सीडी! ही सीडी मी पाच वर्षांपूर्वी घेतली तेव्हा याच गृहस्थांनी नाक मुरडून "रीइश्यू?" असं विचारलं होतं. लग्न जुळवताना "बिजवर?" विचारतात, त्याच सुरात.

या प्रथमावृत्तीवाल्या मंडळींशी माझं उघड भांडण आहे आणि ते एकदा कागदावर मांडून टाकावं म्हणतो.

रेकॉर्ड हातात आली की ते ती कानाला नाही, डोळ्याला लावतात. भिंग काढतात. कोलंबिया कंपनीच्या त्या काळच्या लेबलावर डोळ्यांसारखी सहा चिन्हं असत, म्हणून ते लेबल 'सिक्स-आय'. 'ब्लू नोट' कंपनीच्या जुन्या तबकड्यांवर शेवटच्या खाचांपाशी एक खूण कोरलेली असते, ती दिसते कानासारखी, म्हणून तो 'कान'. शिवाय ब्लू नोटच्या लेबलावर कंपनीचा पत्ता कोणता छापलाय, लेक्झिंग्टन अॅव्हेन्यूचा की '४७ वेस्ट ६३'चा, यावरही भाव ठरतो. बँकेत माझा सारा दिवस सह्या ताडून बघण्यात आणि पत्त्याचा पुरावा मागण्यात जातो. रविवारी मित्राकडे जाऊन पुन्हा तेच? लेबलाला सहा डोळे, तबकडीला एक कान. मग ह्यांच्या स्वतःच्या दोन कानांचं काय काम उरलं, ते फक्त चष्म्याच्या काड्यांना ठाऊक.

बरं, ज्या पहिल्या छापासाठी माझ्या महिन्याच्या पगाराएवढी रक्कम मोजली, त्या छापात आहे काय, तेही ऐका. 'काइंड ऑफ ब्लू' दोन दिवसांत मुद्रित झाली, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या दिवशी मूळ फीत घेणारं यंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू घेतलेली फीत नीट वेगाने वाजवली की सूर चढतो. म्हणजे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मूळ वादनापेक्षा जरा वर लागल्या. रेकॉर्डबरोबर सराव करणाऱ्या कितीतरी पोरांना आपलंच वाद्य उतरलंय असं वाटलं असेल. सोबत दुसऱ्या यंत्रावर घेतलेली फीत ठीक होती. तिच्यावरून हा घोळ निस्तरला १९९२ साली. तेहतीस वर्षांनी! कशात निस्तरला? रीइश्यूमध्ये.

एवढ्यावर भागलं नाही. सुरुवातीच्या प्रतींवर दुसऱ्या बाजूच्या दोन रचनांची नावं उलटसुलट छापली गेली. कॅननबॉल अॅडर्लीसारख्या माणसाच्या आडनावातलं एक 'ई' अक्षर मुखपृष्ठावरून गळालं. म्हणजे सूर चुकला, क्रम चुकला, नाव चुकलं. आमच्याकडे खातेदाराच्या नावातलं एक अक्षर गळलं तर मॅनेजर मेमो देतो. मी हे सगळं स्नेह्यांना सांगितलं. मला वाटलं, ओशाळतील. तर त्यांचा चेहरा उजळला! "म्हणून तर किंमत!" म्हणाले. "चुकीची छापलीय म्हणूनच ओरिजिनल!"

आता या माणसाशी काय बोलणार? आमच्या नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये पाठभेद शोधून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. हे गृहस्थ तेव्हा पैठणला असते तर म्हणाले असते, "नाथबुवा, उगीच रीमास्टर केलीत. अशुद्ध प्रतीची गंमत वेगळीच!"

अर्थात संग्राहकांचे उपकार मी विसरलेलो नाही. किंग ऑलिव्हरच्या बँडने, त्यात बावीसेक वर्षांचा लुई आर्मस्ट्राँग, एप्रिल १९२३मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीत वादन मुद्रित केलं. स्टुडिओ रेल्वेरुळांच्या कडेला. गाडी आली की काम थांबायचं. माइक नव्हता, भोंग्यात वाजवायचं, आणि आर्मस्ट्राँगचा आवाज इतका मोठा की त्याला बाकीच्यांच्या मागे दूर उभं केलं होतं म्हणतात. त्यातल्या तबकड्या आज दुर्मिळ झाल्यात. कुणा खुळ्याने माळ्यावर जपल्या म्हणून उरल्या. पण जपल्या आणि पुढे ऐकायला दिल्या, तेव्हा त्या जपण्याला अर्थ आला.

खरा खूळ पाहायचा तर डीन बेनेडेट्टीचा. स्वतः सॅक्सोफोन वाजवायचा. पण १९४७-४८ साली यंत्र घेऊन चार्ली पार्करच्या मागे क्लबाक्लबात हिंडला. पार्कर वाजवू लागला की यंत्र चालू, थांबला की बंद! बाकीच्या वादकांनी आपली फीत खाऊ नये म्हणून. या फिती वर्षानुवर्षं नुसत्या दंतकथेत होत्या. अखेर १९९० साली मोझेक कंपनीने त्या सात सीडींत काढल्या, तेव्हा कुठे जगाला पार्करच्या त्या रात्री ऐकायला मिळाल्या. बेनेडेट्टीने त्या प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत घालून 'लावायच्या नसतात' म्हटलं असतं तर?

आणि ज्या माणसामुळे हा रीइश्यू प्रकार रुळला, तो कुणी मोठा कारखानदार नव्हता, न्यूयॉर्कमधल्या कमोडोर नावाच्या दुकानाचा मिल्ट गेब्लर होता. गिऱ्हाइकं जुन्या बंद पडलेल्या रेकॉर्ड मागत. कंपन्या त्या छापत नव्हत्या. तिशीच्या दशकात याने त्यांचे साचे भाड्याने घेऊन स्वतः छापल्या. आणि लेबलावर त्याने बँडप्रमुखाबरोबर प्रत्येक वादकाचं नावही छापलं. ट्रम्पेट कोण, क्लॅरिनेट कोण, ढोल कोण. पहिल्या छापात जो माणूस नुसता आवाज होता, त्याला दुसऱ्या छापात नाव मिळालं.

माझं खरं दुखणं इथे आहे. आल्डोन्याचा आंतोनियो शावियर वाझ, म्हणजे आपला चिक चॉकलेट, मुंबईत ट्रम्पेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या 'अलबेला'त, १९५१ साली, तो बँडसकट पडद्यावर दिसतो. त्याच्यासारखी कितीतरी गोव्याची मंडळी रात्री हॉटेलात जॅझ आणि दिवसा सिनेमाच्या स्टुडिओत आपल्या आईवडिलांच्या आवडीची गाणी वाजवीत होती. त्या गाण्यांच्या तबकड्या काढून बघा. सिनेमाचं नाव आहे, गायकाचं आहे, संगीतकाराचं आहे. ज्याने फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले त्याचं नाही. अशा ओरिजिनलचं मी काय लोणचं घालू? मला तिची दुसरी आवृत्ती हवी, नावांसकट. ती काढायला या वादकांच्या रेकॉर्ड, फोटो, करारपत्रं लागतात, आणि ती नेमकी आहेत कुठे? प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत.

रीइश्यूवालेही काही संत नाहीत, हे कबूल. साठीच्या दशकात जुन्या मोनो रेकॉर्डला ओढूनताणून स्टिरिओ करायची टूम निघाली होती. ऐकताना बँड विहिरीत पडल्यासारखा वाटतो. कुणी खरखर काढता काढता झांजांचा आवाजही पुसून टाकतात. आणि एकाच गाण्याचे फसलेले पाच प्रयत्न ओळीने ऐकवणं म्हणजे तर माझी पासबुकं छापण्यासारखं आहे. पण हे भांडण निदान ऐकून झाल्यावर करता येतं.

असो. आमच्या स्नेह्यांकडे क्रिकेट स्मिथच्या बँडची एक ७८ची तबकडी आहे. हा अमेरिकन कृष्णवर्णीय ट्रम्पेटवाला १९३६ साली मुंबईच्या ताजमध्ये बँड चालवीत होता. ती तबकडी त्यांनी चोर बाजारातून घासाघीस करून आणली आणि आमच्याच शाखेत लॉकर घेऊन ठेवली. महिन्याभरापूर्वी ते लाजत लाजत माझ्या काउंटरवर आले. म्हणाले, "नरेश फर्नांडिसांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट' आहे ना तुमच्याकडे? त्याच्याबरोबर जुन्या मुंबईच्या जॅझची सीडी येते. जरा द्याल? आमची ही म्हणते, एकदा ऐकून तरी बघू." मी मनातल्या मनात जितं मया म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक, सीडी दोन्ही नेऊन दिली.

काल परत मागायला गेलो. हात धुतले, साबणाने. पुस्तक कपाटात होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी आणखी एका पिशवीत.

"ऐकलीत?" मी विचारलं.

"अहो, ऐकतो कसली!" ते दबक्या आवाजात म्हणाले. "तुम्हाला कल्पना आहे का? ही पहिली आवृत्ती आहे!"